सिफू म्हणायचे, मान

ब्लॅकटाउन
सिडनी, १८ मार्च १९८१

इग्न्या,

सिफू गेले. गेल्या मंगळवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि तिथेच पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. त्यांच्या मुलीने, ग्लोरियाने, मला ऑफिसात फोन केला. रूकवूडच्या स्मशानात अंत्यविधीला मोजकी माणसं होती. आपल्या आधी त्यांच्याकडे शिकणारी हाँगकाँगची पोरं एकही फिरकली नाहीत. तू तर काय, पर्थला जाऊन बसलास!

तुझ्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि तूही ठरवलं असणारच. पण ही बातमी तुला दुसऱ्या कोणाकडून कळली असती तर मला आवडलं नसतं. शेवटी वसईच्या ख्रिश्चनाला आणि पुण्याच्या कोकणस्थाला एकाच म्हाताऱ्याने किराणा दुकानाच्या मागे, तांदळाच्या पोत्यांत कुंग फू शिकवलं. पहिलं वर्ष तर नुसतं गुडघे वाकवून उभं केलं. तू म्हणायचास, 'मेट, शाळेत मास्तरांनीसुद्धा एवढं उभं केलं नव्हतं.'

मुद्द्याचं लिहितो. त्यांचे चालींचे बाकीचे फॉर्म इतरांनाही येतात, पण जोडीचा फॉर्म त्यांनी फक्त आपल्या दोघांना दिला. एकाने हल्ला करायचा, दुसऱ्याने तो घ्यायचा, दोघांचं पाऊलन्‌पाऊल ठरलेलं. हल्ल्याची बाजू माझी, घेण्याची तुझी. त्यांच्या गावात तो करणारं आता कोणी उरलं नाही असं ते सांगायचे. तू सोडून दिलास, म्हणजे जे काही शिल्लक आहे ते माझ्याजवळ. मी तो जसाच्या तसा जपणार आहे. बोटाचं पेर इकडचं तिकडे होऊ देणार नाही.

काल तो जुना शनिवार आठवून एकटाच हसलो. सिफू जोडीच्या फॉर्ममधली एक चाल नव्याने दाखवत होते. माझा डावा हात तुझ्या मनगटावर, उजवा तळवा तुझ्या जबड्यामागे. मी वळवायला सुरुवात केली आणि सिफू म्हणाले, 'मान, मान.' आपण दोघे थक्क! तू म्हणालास, 'अरे, हा म्हातारा मराठी बोलतोय!' चिनी भाषेतही मानेला मानच म्हणतात हे कळल्यावर मला परक्या मुलखात नातेवाईक भेटल्यासारखं झालं. त्यानंतर त्यांनी मान म्हटलं की मला दुसरं काही सांगावं लागलं नाही. हात तुझ्या मानेवर असला तर ती दाबायची, नसला तर आपली स्वतःची ताठ करायची.

त्या ऑक्टोबरात जे झालं त्यावर मी पुन्हा वाद घालणार नाही. तू वळायला उशीर केलास. सिफू स्वतः 'मान! मान!' ओरडत होते, हाताचा तळवा वरून खाली, वरून खाली करत होते, म्हणजे आणखी दाब. गुरू समोर उभा राहून सांगतो ते मी केलं. चित्राने तिच्या हॉस्पिटलात तुझा एक्सरे काढला आणि घरी येऊन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, त्याला मी काय करू? त्यानंतर सिफूंनीही जोडीचा फॉर्म पुन्हा घेतला नाही. विषय काढला की पोती सरळ करायला लागायचे. तू सोडून गेलास ते त्यांना फार लागलं.

तुझ्या बोटांना आता जाणीव आली असेल. इव्हाला नमस्कार सांग.

माधव


ब्लॅकटाउन
२२ ऑगस्ट १९८२

इग्न्या,

नाताळचं कार्ड मिळालं होतं. अक्षर इव्हाचं, आणि तुझी सहीसुद्धा तिनेच केलेली. एवढा कसला राग? स्वतःचं नाव लिहायला काय लागतं?

मी मात्र राग धरत नाही. तुला बातमी द्यायची आहे. क्वेकर्स हिलला एका स्काउट हॉलमध्ये मी दर रविवारी सकाळी क्लास सुरू केला. आपली मराठी मंडळीच जास्त, थोडे पंजाबी, आणि एक इटालियन पोस्टमन, जो सगळ्यांत बरा उभा राहतो. फी नाही, कप नाहीत, पट्टे नाहीत. पहिले सहा महिने नुसतं उभं राहायचं. निम्मे पळून गेले. जावोत.

राजीव आठवतो? सिफूंकडे सहा महिने टिकला होता तो. त्याने आता स्टेशनजवळ जिम काढलं आहे. आरसे, ग्लव्ह्‌ज, कर्कश गाणी. फॉर्म कापून अर्ध्यावर आणले आहेत. मला म्हणतो, 'माधवकाका, फॉर्म इज जस्ट डान्स, यार. फाइटमध्ये त्याचा यूज काय?' माझं डोकंच फिरलं. मी त्याला म्हटलं, ज्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत अशा माणसांनी जिवावर बेतल्यावर शोधलेली ही गोष्ट आहे. नको असेल तर सोडून दे, पण अर्धी देऊ नकोस आणि त्यात आपली अक्कल मिसळू नकोस. तो 'नो वरीज, काका' म्हणाला आणि निघून गेला. या 'नो वरीज'ने माझी जेवढी चिडचिड होते तेवढी शिवीनेही होत नाही.

माझ्या मनातलं तुला सांगतो. मला भीती वाटते. उद्या ऑफिसला जाताना मला गाडीने उडवलं तर हा फॉर्म संपला. कुठे कागदावर नाही, कुठे चित्रात नाही. सिफूंनी विश्वासाने दिलेली वस्तू माझ्या हातातून पडायला नको, एवढंच मागणं आहे.

म्हणून तुझी बाजू मी आमच्या मेधाला शिकवतो आहे. बघून बघून ती मला पाठ आहेच. पोरगी तेरा वर्षांची झाली आणि काय सुरेख पाऊल टाकते! तुझ्यासारखं खांदे उडवून विनोद करत नाही. मी 'मान!' म्हटलं की 'येस, सर!' म्हणून सलाम ठोकते आणि हसते. चित्राने नियम घातला आहे की मानेची चाल हवेतच करायची, मेधाला हात लावायचा नाही. मी हो म्हटलं आहे. अजून ती लहान आहे, तोवर हवेत चालेल.

माधव


ब्लॅकटाउन
६ मे १९८४

इग्नेशियस,

चित्राने इव्हाला फोन केला होता हे मला आजच कळलं. म्हणून तिच्याकडून वेडंवाकडं ऐकण्यापेक्षा मूळ हकीकत माझ्याकडून ऐक.

गेल्या रविवारी ग्लोरिया हॉलवर आली. सिफूंचा एक मोठा फोटो फ्रेम करून आणला होता, भिंतीवर लावायला. मला फार बरं वाटलं. ती शाळेत भूगोल शिकवते, बापाच्या विद्येकडे तिने कधी ढुंकून पाहिलं नाही, पण फोटो आणला. मी तिला खुर्ची दिली आणि क्लास पुढे चालू केला. सगळे जोड्या करून मानेची चाल करत होते. मी ओरडलो, 'मान! मान!' आणि सगळ्यांनी जोर लावला.

ग्लोरिया आधी हसली. मग तिचं हसू गेलं. उठून माझ्याजवळ आली.

'माधव, व्हाय डू यू से दॅट?'

'तुझे वडील म्हणायचे.'

'आय नो. ही सेड इट टू यू ऑल द टाइम. मान, मान. इट मीन्स स्लो.' मग तिने अगदी तोच हात केला, तळवा वरून खाली, वरून खाली. 'स्लो डाउन. ईझी. व्हॉट डिड यू थिंक इट मेन्ट?'

मी स्वतःच्या मानेवर हात ठेवला. ती म्हणाली, मानेला केंग म्हणतात.

सगळ्या क्लाससमोर हे झालं. पोस्टमनने आपल्या जोडीदाराच्या गळ्यावरचा हात काढून घेतला. मी म्हटलं, ब्रेक घ्या, चहा घ्या.

आता तू शांतपणे विचार कर. ग्लोरिया चार वर्षांची असताना इथे आली. बापाशी भांडायची तीसुद्धा इंग्रजीत. त्यांची भाषा सुरांची, एका शब्दाचे पाच अर्थ होतात. शिवाय समजा, सिफू हळू म्हणालेही असतील. ते शिकताना. शिकून झाल्यावर कोण हळू करतं? आणि मला सांग, इतकी वर्षं त्या माणसाने मला दर शनिवारी एकच गोष्ट सांगितली आणि ती मी एकदाही ऐकली नाही, असं मानायचं का मी? मी पूल डिझाइन करतो, इग्न्या. मी ऐकण्यात चूक करत नाही.

जाताना तिने आणखी एक सांगितलं, ते लिहावं की नाही कळत नव्हतं. तुला लागलं त्या दिवशी सिफू घरी गेले आणि जेवले नाहीत. तिला म्हणाले, मी ओरडत होतो, तो थांबला नाही. कदाचित तिने हेही चुकीचं ऐकलं असेल.

मी काही बदललेलं नाही. एवढ्यासाठी राजीवशी भांडलो आणि आता एका बाईच्या एका शब्दावर मीच फॉर्ममध्ये हात घालू? मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

चित्रा सांगत होती की तू डाव्या हाताने लिहायला शिकतो आहेस. चांगलं आहे. माणसाने नवीन काही शिकत राहावं.

माधव


ब्लॅकटाउन
२५ नोव्हेंबर १९८४

इग्न्या,

एक आनंदाची बातमी आहे आणि एक किरकोळ.

आनंदाची आधी. सिफूंच्याच परंपरेतले एक वयस्कर गृहस्थ, मिस्टर क्वोक, चिनी नववर्षाला हाँगकाँगहून सिडनीला येणार आहेत. जुने फॉर्म कोणाकोणाकडे उरले आहेत ते शोधत फिरतात आणि व्हिडिओ कॅमेऱ्यावर उतरवून घेतात. मी पत्र टाकलं होतं, त्यांचं उत्तर आलं. जोडीचा फॉर्म त्यांनी लहानपणी एकदाच पाहिला होता, तो जगात कुठे आहे हे त्यांना माहीतच नव्हतं! एकदा टेपवर आला की मी मेलो तरी चालेल. पुढची माणसं जे शिकतील ते त्या टेपवरून, म्हणजे माझ्यावरून शिकतील.

साहजिकच तयारी जोरात सुरू केली. हवेत केलेली चाल कॅमेऱ्यासमोर खोटी दिसते, पोरंसुद्धा ओळखतील. म्हणून मेधाबरोबर हात लावून करायला घेतली. चित्राची शनिवारी शिफ्ट असते, तेव्हा आम्ही गॅरेजमध्ये करायचो. तिच्यापासून लपवलं असं नाही, तिने विचारलं नाही.

किरकोळ बातमी ती अशी. गेल्या शनिवारी छान लय लागली होती. मेधाचं मनगट धरलं, जबड्यामागे तळवा ठेवला, आणि मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, 'मान, बाबा. मान.' मला भरून आलं. वाटलं, पोरगी तयार झाली, आता तिला सांगायला माझी गरज नाही. तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. मी तितक्याच जोरात तिची मान वळवली.

ती खाली बसली. 'आय कान्ट फील माय थंब,' म्हणाली. मी अंगठा चोळून दिला, पाणी दिलं. चित्रा घरी आली तेव्हा ती एका बाजूला डोकं धरून चालत होती. एक्सरेत काहीही तुटलेलं नाही. हे चित्राने स्वतः सांगितलं, किंचाळून सांगितलं, पण सांगितलं. दीड महिना कॉलर, मग परत तपासणी.

आणि आता मेधा काय म्हणते ऐक. म्हणते, तो शब्द ती ग्लोरियाच्या अर्थाने वापरत होती. 'आय वॉज आस्किंग यू टु गो स्लो, बाबा. आय सेड इट हिज वे सो यू'ड लिसन.' हळू करायला सांगायचं होतं तर सरळ मराठीत 'हळू' म्हणायचं ना! मी काय राक्षस आहे? थांबलो असतो की नाही? एरवी ही पोरं आईबापाशी फडाफडा इंग्रजी बोलतात आणि नेमक्या वेळी चिनी सुचतं.

चित्रा तिला घेऊन कॅसल हिलला सुहासिनीकडे राहायला गेली आहे, म्हणजे तिच्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीकडे. कॉलर निघेपर्यंत. मी तरी तसंच समजतो.

माधव


ब्लॅकटाउन
१२ फेब्रुवारी १९८५

इग्न्या,

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांनी तुझं स्वतःचं अक्षर. डाव्या हाताचं आहे, हेलकावे खातं, एवढीशी ओळ लावायला मला बराच वेळ लागला. 'मेधाला हात लावू नकोस.' एवढ्यासाठी पेन उचललंस? बरं, वचन देतो. मेधाला हात लावणार नाही. लावायला ती इथे आहे कुठे! कॉलर निघून महिना झाला तरी दोघी परतल्या नाहीत. फोन केला की सुहासिनीच उचलते आणि चित्रा कामावर आहे म्हणून सांगते. घर मला खायला उठतं. काल मेधाचे कॅनव्हासचे बूट गॅरेजमध्ये दिसले आणि मी तिथेच रडलो, तुला म्हणून सांगतो.

ग्लोरिया येऊन सिफूंचा फोटो काढून घेऊन गेली. स्वतःच स्टूल घेतलं, चढली, उतरवला. पोस्टमनही येत नाही आता. काही हरकत नाही. मिस्टर क्वोकना गर्दी नको आहे, फॉर्म हवा आहे.

तू माझ्याविषयी काय समजतोस ते मला कळतं, म्हणून एक गोष्ट कबूल करतो. मी ती चाल हळू करून पाहिली. मागच्या अंगणात, सकाळी, एकट्याने, समोर तू आहेस असं धरून. अगदी हळू. तर काय होतं माहीत आहे? ती मारण्याची चाल राहतच नाही. तळवा जबड्यामागून आपोआप डोक्याच्या मागे जातो, आणि मनगट धरलेला हात वजन पेलतो. पडणाऱ्या माणसाचं डोकं जमिनीवर आपटू नये म्हणून त्याला खाली निजवावं, तसं काहीतरी होतं. चालीनंतरचं ते पाऊल, जे मला इतकी वर्षं कधी नीट जमलं नाही, तेही बरोबर पडलं. मी पुन्हापुन्हा केलं. दर वेळी तसंच झालं.

मग मी घरात आलो आणि विचार केला. माणसाला अलगद खाली ठेवण्यासाठी कोणी एवढी विद्या उभी करील का? सिफूंनी आयुष्य त्यात घालवलं असेल का? आणि समजा घालवलं असेल, तर मग मी तुझ्याशी काय केलं, आणि मेधाशी? नाही, इग्न्या. ते मला पटत नाही. पटून चालणारच नाही. मला सिफूंनी जसा दिला तसाच तो टेपवर जाणार, पूर्ण वेगात.

रविवारी चोवीस तारखेला, दुपारी दोन वाजता, क्वेकर्स हिलच्या त्याच हॉलमध्ये चित्रण आहे. तू ये. रागावून ये, भांडायला ये, पण ये. तुझी बाजू तुझ्याएवढी कोणालाच येत नाही, एका हाताने केलीस तरी मी सांभाळून घेईन. सिफूंचे दोघे शिष्य एका टेपवर असलेले मला फार हवे आहेत.

नाहीच आलास तरी माझं अडणार नाही, याचीही कल्पना देऊन ठेवतो. वीणा म्हणून एक मुलगी आहे, आपल्या मराठी मंडळींतल्या श्यामलाची धाकटी. या जानेवारीपासून क्लासला येते. आई तिला हॉलवर सोडते आणि दोन तास बाजारहाट करून येते. अकरा वर्षांची आहे, पण उंचीला चांगली आहे, आणि अंगाने हलकी असल्यामुळे चटकन वळते. परवाच तिला मानेची चाल समजावली. मेधासारखी उलट बोलत नाही, इंग्रजीतही नाही आणि चिनीतही नाही. मी तळवा ठेवला की डोळे घट्ट मिटून घेते आणि निमूट उभी राहते.

तुझा
माधव